भैरूचें उभें राहणें

श्वानप्रदर्शनासारखा विषय या सदरांत यावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांतच दोन तट पडले. थोरल्या बंधूंचें म्हणणें असें कीं, ज्या घरांत आईच्या सोंवळ्याचा तांब्या अद्याप वेगळा ठेवतात, त्या घरांतील माणसानें कुत्र्याला ऐटींत उभें कसें करावें यावर लेख लिहिणें शोभत नाहीं. उलट वहिनींचें मत असें पडलें कीं, गेले तीन महिने घरांत त्या एका प्राण्यावांचून दुसरें बोलणें नसतांना लेखांतच मौन कां पाळावें? आई वहिनींच्या बाजूस गेली, आणि बहुमताच्या आज्ञेनें मी हें लिहीत आहें.

आमचा पुतण्या उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकतो. दसऱ्याच्या सुटींत तो भोकरास आला तो एका टेंपोंतून, आणि त्याच्या मागोमाग एक चार वर्षांचा, मातकट रंगाचा, उंच व हडकुळा कुत्रा उतरला. घरांतील मंडळींस तो प्रथम उपाशी वाटला. वहिनींनीं लागलीच अर्धी भाकरी आणली. पण ती हडकुळी ठेवण हीच त्या जातीची कुलीनता आहे, असें पुतण्यानें आम्हांस समजावून सांगितलें. हा कारवान जातीचा कुत्रा. डोकें लांब व अरुंद, छाती खोल, पोट आंत ओढलेलें, कंबर धनुष्यासारखी किंचित वाकलेली, पाय लांबसडक. याच गोत्रांतील ज्यांच्या कानांवर रेशमासारखे केस असतात त्यांस पश्मी म्हणतात. कर्नाटकांतील मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं हे कुत्रे इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहास भेट दिले, तेव्हांपासून मुधोळ हें नांवही त्यांस चिकटलें. २००५ सालीं भारताच्या डाकखात्यानें त्या नांवाचें तिकीटही काढलें. दख्खनच्या माळावर ससा आणि काळवीट यांच्या मागें धांवण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेला हा प्राणी. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ती शिकार बंद झाली, आणि हे वाऱ्यावर स्वार होणारे वीर शेताच्या राखणीला दावणीस बांधले गेले. आमचा कुत्रा त्यांपैकींच एक. त्याच्या धन्यानें शेत विकलें, आणि विकत घेणाऱ्याला कुत्रा नको होता.

नांव आईनें ठेवलें, भैरू. नांव ठेवून ती ओसरीवरून आंत गेली आणि जातांना सांगून गेली कीं, माजघराचा उंबरा मात्र त्यानें ओलांडावयाचा नाहीं.

पुतण्याच्या मनांत पहिल्या दिवसापासून एक बेत होता. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोह्याच्या पुढें, माळेगांव लागतें. तेथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें, लाल कंधारी बैल यांचा तो बाजार मराठवाड्यांत कोणास ठाऊक नाहीं? त्याच यात्रेंत जिल्हा परिषदेच्या वतीनें घोडे, कोंबड्या आणि कुत्रे यांचेंही प्रदर्शन भरतें. भैरूला तेथें उभा करावयाचा, असा पुतण्याचा हट्ट.

‘उभा करावयाचा’ हे शब्द ऐकून दादा हंसले. ‘कुत्रा उभाच असतो,’ ते म्हणाले. वाचकांपैकीं पुष्कळांस तसेंच वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतों. १८५९ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें केवळ पॉइंटर व सेटर या दोन शिकारी जातींचें प्रदर्शन भरलें, तेव्हांपासून आजच्या पद्धतीच्या श्वानप्रदर्शनांची गणना करतात. १८७३ सालीं लंडनला केनेल क्लब निघाला आणि पुढें प्रत्येक जातीचें लेखी प्रमाण ठरत गेलें. परीक्षक कुत्र्याचा शेजारच्या कुत्र्याशीं सामना लावीत नाहीं. त्या लेखी प्रमाणाशीं त्याला ताडून पाहतो. खांद्याचा कोन, पाठीची रेषा, छातीची खोली, मागच्या पायांची ठेवण हीं सर्व दिसावीं म्हणून कुत्र्यानें एका विशिष्ट रीतीनें उभें राहावें लागतें. पुढचे दोन पाय खांद्यांच्या उंचवट्याच्या बरोबर खालीं, खांबांसारखे सरळ व परस्परांशीं समांतर. मागचे पाय किंचित मागें. इतके कीं त्यांच्या टांचेपासून खालचा भाग जमिनीशीं काटकोन करील. (मागच्या पायाच्या ज्या सांध्यास आपण गुडघा समजतों ती वस्तुतः कुत्र्याची टांच होय, गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो. हें मला साठीनंतर कळलें.) मान वर, नजर समोर, भार चारी पायांवर. एक पाय वीतभर आंत पडला तरी सरळ पाठ वांकडी दिसते आणि चांगला कुत्रा उगाच खालच्या पंक्तीस जातो. शिवाय परीक्षक अंगावरून हात फिरवितो आणि ओठ उचलून दांत पाहतो. मोठ्या कुत्र्याचे दांत बेचाळीस. वरचे दांत खालच्या दांतांवर कात्रीच्या पात्याप्रमाणें बसले पाहिजेत. परक्या माणसानें तोंडाशीं हात नेला असतां स्थिर राहणें, ही परीक्षा खरी कठीण.

पिलांस हें सारें आठव्या-दहाव्या आठवड्यापासून खेळांत शिकवितात. भैरू चार वर्षांचा. मौंजीचें वय टळून गेलेल्या आडदांड बटूस संध्या शिकविण्यापैकींच हें काम. त्यांतून त्याच्या पूर्वायुष्यांत काठीचा प्रसाद पुष्कळ झाला असावा. कोणाच्या हातांत छत्री दिसली तरी तो पोटावर सरपटत जाई, आणि डोक्यावरून हात आला कीं त्याच्या डोळ्यांचें पांढरें दिसूं लागे.

हें लक्षण आम्हीं ओळखावयास हवें होतें. आठच दिवसांत अनर्थ झाला. दादांनीं सारा जन्म शाळाखात्यांत घालविला. शिस्त हा त्यांचा जीव कीं प्राण. पुतण्या दोन दिवस लोण्यासारख्या आवाजांत कुत्र्याची मनधरणी करीत असलेला पाहून त्यांचा धीर सुटला. ‘असें नव्हे, इकडे आण,’ म्हणून त्यांनीं एका हातानें पट्टा वर ताणला आणि दुसऱ्या हातानें जबडा उघडावयास घेतला. भैरू गुरगुरलाही नाहीं. एक निमिषभर दांत वाजले, आणि दादांच्या अंगठ्यावर दोन लाल रेघा उमटल्या. जखम वाहत्या पाण्याखालीं धरून साबणानें पंधरा मिनिटें धुतली, तशीच दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घेतली. कुत्र्यास पूर्वीं लस दिल्याचा कांहीं पुरावा नव्हता, तेव्हां यांत हयगय करून चालण्यासारखें नव्हतें. कुत्र्याच्या दांताची खरचट लहान असो वा मोठी, हळद दाबून घरीं बसणें हा जिवाशीं खेळ आहे.

संध्याकाळीं दादांनीं निकाल दिला: कुत्रा घरांत राहणार नाहीं. घरांत नातवंडें आहेत, आणि दादांचें म्हणणें चुकीचें आहे असें म्हणण्याची छाती कोणासही झाली नाहीं. पुतण्याचे डोळे भरून आले. तेव्हां आई बोलली. ‘खंडेराया आपलें कुलदैवत. त्याच्या यात्रेच्या तोंडावर त्याचा कुत्रा दारांतून घालवायचा नाहीं. यात्रा होऊं दे. मग तुझ्या मनाला येईल तें कर.’ दादा आईच्या शब्दाबाहेर नाहींत. भैरूला यात्रेपर्यंतची मुदत मिळाली. पुढें दिवाळीची सुटी संपून पुतण्या उदगीरास गेला, आणि कुत्रा, पट्टा व ती मुदत हीं तिन्ही माझ्या पदरांत पडलीं.

मला खरा गुरु भेटला तो शेतावर. आमच्या सालगड्यानें आयुष्यभर लाल कंधारी बैल सांभाळले आहेत, आणि जनावरांच्या प्रदर्शनांत बैल देवळापुढच्या नंदीसारखा उभा करण्यांत त्याचा हातखंडा. मी भैरूच्या पायांशीं झटत असलेला पाहून तो म्हणाला, ‘मालक, त्याला धरूं नका. खाजवा.’ आणि त्यानें मला बैलापाशीं नेलें. बैलाच्या गळ्याखालची पोळी तो बोटांनीं हळूहळू खाजवूं लागला. तें अजस्र धूड मान लांब करून, डोळे अर्धे मिटून, चारी पाय रोवून उभें राहिलें. ‘त्याला उभं राहावं वाटलं पायजे,’ सालगडी म्हणाला. थॉर्नडाइक नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं मांजरांस पेटींत कोंडून जो नियम काढला, कीं ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख येतें ती कृति प्राणी पुन्हां करतो, तो आमच्या सालगड्यास पोथीवांचून येत होता.

मग पहिले पंधरा दिवस मीं भैरूस उभा करण्याचें नांवही काढलें नाहीं. ओसरीच्या पायरीवर बसावयाचें, हात खालून छातीकडे न्यावयाचा (डोक्यावरून कधींही नाहीं), स्पर्श करावयाचा आणि त्याच क्षणीं पनीराचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावयाचा. ‘त्याच क्षणीं’ या शब्दांवर मी जोर देतों. तुकडा शोधण्यांत चार पळें गेलीं कीं कुत्र्याला बक्षीस कशाचें मिळालें हें कळत नाहीं. मधल्या वेळांत त्यानें कान खाजविला असेल तर तो कान खाजविण्याचें बक्षीस समजतो. परदेशांत या कामीं शिजविलेलें काळीज वापरतात. आमच्या घरीं तें शक्य नव्हतें. पनीर, खवा आणि तुपाचा हात फिरविलेली भाकरी यांवर भागलें. शेजारच्या घरून अधूनमधून उकडलेलें अंडें येत असे असा मला संशय आहे, परंतु तें कोण आणीत असे याची चौकशी मीं केली नाहीं. छाती झाली, मग खांदा, मग पाठ, मग पंजे. त्यानें जीभ ओठांवरून फिरविली, कारण नसतां जांभई दिली किंवा मान वळविली, कीं तेथेंच थांबावयाचें. हीं भीतीचीं लक्षणें होत. गुरगुरणें फार पुढची पायरी, आणि मार खाल्लेला कुत्रा ती पायरी गाळून एकदम शेवटच्या पायरीवर येतो, हें आम्हीं दादांच्या अंगठ्यावर वाचलें होतें.

दुसरी अडचण पुतण्यानेंच करून ठेविली होती. सुटींत त्यानें भैरूला खाण्यासाठीं बसावयास शिकविलें होतें. त्यामुळें पनीर दिसलें रे दिसलें कीं हा आज्ञाधारक विद्यार्थी खालीं टेके. बरें, रागें भरावें तर तो शिकविलेलेंच करीत होता! विचार करतां असें दिसून आलें कीं तुकडा नाकाच्या वर धरला कीं मान वर जाते आणि मान वर गेली कीं मागचा भाग आपोआप खालीं येतो. म्हणून हात नाकाच्या पातळीवर धरून सरळ पुढें ओढावयाचा. तो एक पाऊल पुढें येऊन थांबला कीं ‘उभा’ म्हणावयाचें आणि तुकडा द्यावयाचा. बसला तर शिक्षा नाहीं, तुकडाही नाहीं. दोन पावलें चालून पुन्हां तेंच. आठवड्याभरांत ‘बस’ आणि ‘उभा’ हे दोन वेगळे शब्द आहेत हें त्याच्या ध्यानीं आलें.

नंतर पायांची मांडणी. पंजा धरून पाय ठेवूं गेलें कीं कुत्रा तो झटक्यानें मागें घेतो. पुढचा पाय कोपरापाशीं धरावा, बोटभर उचलावा आणि सरळ खालीं सोडावा. मागचा पाय टांचेच्या वर धरावा. ज्या पायावर भार आहे तो हलत नाहीं, म्हणून हनुवटीखालीं हात देऊन डोकें किंचित डावीकडे न्यावें. भार डाव्या पायावर जातो आणि उजवा मोकळा होतो. आधीं पुढचे पाय, मग मागचे. आणि सालगड्याची एक युक्ति: चारी पाय जागीं बसल्यावर जनावरास अगदीं हलकेच मागें ओढावें, तें आपसुक पुढें रेटतें आणि अंग ताठ होतें. कांहीं हौशी लोक गळ्यांतील दोरी वर ताणून कुत्र्याला टांगल्यासारखें उभें करतात. त्यानें मान उंच दिसते खरी, पण डोळ्यांतलें तेज जातें, आणि परीक्षकाला आंधळा समजणें हें त्यांत आलेंच.

वेळ मोजण्यासाठीं मला घड्याळ लागलें नाहीं. तिन्हीसांजेला देवघरांत आई रामरक्षा म्हणते, आणि आमचा अभ्यास त्याच वेळीं अंगणांत चाले. प्रथम अर्ध्या श्लोकापुरतें उभें राहणें, मग एक श्लोक, मग पुन्हां अर्धा, मग दोन. दर वेळीं वाढवीतच गेलें तर कुत्र्याला काम जड होत जातें असें वाटतें. मधून मधून सोपें द्यावें. शेवटीं सुटीचा शब्द ‘झालें’. हा शब्द उभें राहण्याइतकाच महत्त्वाचा आहे. कधीं सुटणार हें ठाऊक असलें कीं प्राणी स्वस्थ उभा राहतो. सारा अभ्यास दिवसांतून दोनदां, पांच-पांच मिनिटें. यापेक्षां अधिक नाहीं.

मध्यें चंपाषष्ठी आली. आमच्याकडे त्या दिवशीं भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर कुत्र्यास घास घालण्याची चाल आहे. पुतण्यानें आदल्या रात्रीं दूरध्वनीवरून बजावलें कीं, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तास विषासारखे आहेत. बेदाणे आणि चॉकलेटही तसेंच. आईपुढें हा शास्त्रार्थ कसा मांडावा हें मला कळेना. ती शांतपणें म्हणाली, ‘मग नुसता रोडगा द्या. देवाला भरीत पोंचलें.’ आणि तो रोडगा घेऊन ती स्वतः ओसरीच्या कडेपर्यंत आली.

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षापर्यंत भैरू गवतावर, मातींत, फरशीवर उभा राहूं लागला. हलगीचा आवाज आधीं हळू, मग मोठा असा ऐकवून झाला. डाव्या बाजूस राहून दुडक्या चालीनें धांवणें जमलें. टपालवाला, दूधवाला, वहिनींच्या भजनी मंडळांतल्या बायका, सर्वांनीं त्याचे ओठ उचलून पाहिले. एकच माणूस राहिला होता. दादा अंगणांत आले कीं भैरूचे मागचे पाय आपोआप आंत येत आणि सारी मांडणी विस्कटे. आणि परीक्षक कसा असणार? उंच, चष्मा लावलेला, भारदस्त आवाजाचा. म्हणजे हुबेहूब दादा.

मीं धीर करून म्हटलें, ‘दादा, मला परीक्षक हवा आहे. तुमच्यावांचून तो घरांत दुसरा नाहीं.’

ते बराच वेळ वर्तमानपत्र वाचीत राहिले. मग म्हणाले, ‘काय करायचें?’

पहिले तीन दिवस त्यांनीं फक्त दहा हातांवरून चालत जावयाचें आणि जातां जातां पनीराचा तुकडा टाकावयाचा, त्याच्याकडे न बघतां. न बघणें दादांस सर्वांत अवघड गेलें. चौथ्या दिवशीं पांच हात. सहाव्या दिवशीं भैरूनें त्यांच्या हातांतून तुकडा घेतला; अंगठ्याजवळून, अगदीं ओठांनीं. दादांचा हात थरथरत होता हें मीं पाहिलें, आणि पाहिलें नाहीं असें दाखविलें. नवव्या दिवशीं त्यांनीं छातीखालून हात नेऊन खांदा चांचपला. यात्रेच्या दोन दिवस आधीं त्यांनीं एका बोटानें ओठ उचलला, दांत पाहिले, आणि वर्गांत पाढे तपासल्याप्रमाणें गंभीरपणें म्हणाले, ‘ठीक आहे.’

माळेगांवचें वर्णन मी करीत बसत नाहीं. भंडाऱ्यानें पिंवळा झालेला तो माळ आणि ती गर्दी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तें नको, आणि न पाहिलेल्यांस शब्दांनीं दिसणार नाहीं. वाघे ‘आम्ही खंडोबाचे कुत्रे’ म्हणवितात, त्यांच्या घोळक्यांतून भैरूला नेतांना मला मौज वाटली एवढेंच. पुतण्यानें त्याला रिंगणांत नेलें. जवळच एका घोड्यानें उधळून धूळ उडविली. भैरूचा एक कान हलला, पाय हलले नाहींत. परीक्षकांनीं हात फिरविला, ओठ उचलला, दांत पाहिले. माझ्या शेजारीं दादा उभे होते. त्यांनीं श्वास सोडलेला मला ऐकूं आला. मग धांवण्याची पाळी आली, आणि तेथें आमचा कारभार आटोपला. उभा असतांना बरोबर दिसणाऱ्या भैरूच्या मागच्या टांचा धांवतांना किंचित आंत वळतात. हाडाची ठेवण ती. शिकवून जाण्यासारखी नव्हे, आणि म्हणूनच परीक्षक कुत्र्याला चालवून पाहतात. बक्षीस दुसऱ्यांस गेलें. योग्यच झालें, पहिला आलेला पश्मी मीं पाहिला आहे.

परततांना नांदेडपर्यंत कोणी बोललें नाहीं. यात्रा झाली होती. मुदतही संपली होती. रात्रीं भोकरास पोंचल्यावर भैरू आपल्या पोत्यावर जाऊन निजला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा अंगणांत चहा घेत बसले होते. भैरू जवळ आला. दादांनीं सहज, पुतण्याची नक्कल करावी तसें ‘उभा’ म्हटलें. भैरू पाय मांडून उभा राहिला. दादांनीं वर्तमानपत्र उघडलें आणि ते त्यांत गढून गेले. देवघरांत आईची पूजा चालली होती. घंटा झाली, आरती झाली. भैरूनें एकदां अंगाचा भार बदलला, पण बसला नाहीं.

‘अरे,’ आई आंतूनच म्हणाली, ‘त्याला सोड कीं.’

दादांनीं वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलें. ‘झालें,’ ते म्हणाले, आणि बशींतली उरलेली भाकरी पुढें केली.